थारला सस्पेन्शन किट टाकायचंय, पुणे ते स्पिती, जाणकारांनी सांगा

घाटवेडा (शुक्रवार, रात्री ११:१०)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. २०२१ ची थार, डिझेल, हार्डटॉप, ५२ हजार किमी झालेत. जूनच्या शेवटी मी, बायको आणि ९ वर्षांची लेक असे पुण्याहून निघून मनाली, ग्राम्फू, बातल, कुंझुम करत काझाला जायचं ठरलंय. छतावर रॅक आणि रूफटॉप तंबू आहे, मागे लोखंडी बंपर लावलाय, फ्रिज आहे, दुसरी बॅटरी आहे. गाडी भरली की मागून इतकी बसते की रात्री समोरचे लोक लाइट मारतात आणि वरंध घाटात गेल्या पावसाळ्यात दोनदा मागचा बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबली की एक्सल ज्यावर टेकतो तो रबरी ठोकळा) असा आपटला की लेक झोपेतून उठली. पुण्यातल्याच एका दुकानाने ३ इंच लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी उंच करणं), चारही शॉकअप आणि स्प्रिंग मिळून दीड लाखाच्या पुढचं कोटेशन दिलंय. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, प्रोफेंडर, टफ डॉग अशी ब्रँडची नावं ऐकून डोकं गरगरलंय. पैसे साठवलेत, घ्यायची तयारी आहे, पण चुकीचं घ्यायचं नाहीये. कोणी वापरलंय का यातलं काही?

वाटाड्या (शुक्रवार, रात्री ११:४५)

३ इंच घ्या डोळे मिटून. मढे घाटाकडे केळदच्या पुढे जे दगड आहेत तिथे लिफ्ट नसेल तर खालून घासणारच, माझ्या गाडीला २ इंच आहे तरी कमी पडते. आणि रिमोट रिझर्व्हॉयरवालेच, म्हणजे तेलाची वेगळी टाकी असलेलेच, शॉकअप घ्या, स्पितीत तासन् तास खडखडाट असतो, साधे तापून मरतात.

भोसरीकर (शनिवार, सकाळी ७:०५)

घाटवेडा, धागा वाचला, आता जरा सविस्तर लिहितो कारण तुमच्याबरोबर लेकरू आहे. माझं २२ वर्षं कामच स्प्रिंग-शॉकअपचं, भोसरी एमआयडीसीत, आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे पण ते इथे विकायला आलो नाही.

एक प्रश्न विचारतो, गाडी भरलेली असताना तिचं वजन किती आहे? अंदाज नको, पावती पाहिजे. माझ्याकडे किट मागायला येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हे माहीत नसतं आणि ब्रँड मात्र पाठ असतात. अहो, सस्पेन्शन म्हणजे वजन झेलायची वस्तू, वजनच माहीत नसेल तर स्प्रिंग कुठल्या आधारावर निवडणार? हे लोक कॅटलॉगमध्ये एकाच गाडीला तीन-तीन स्प्रिंग देतात, सामान कमी, मध्यम, कायमचं जास्त असे, ते काय हौस म्हणून देतात का. ५० किलोसाठीची स्प्रिंग वेगळी आणि ३०० किलोसाठीची वेगळी, आणि ३०० किलोवाली लावून रिकामी गाडी सिंहगड रोडवर चालवली तर मागचं चाक प्रत्येक खड्ड्यातून उड्या मारतं, चाक जमिनीला टेकलंच नाही तर ब्रेक कुठून लागणार.

तर उद्या काट्यावर जा. टाकी फुल, सगळं सामान, सगळी माणसं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पुढचं आणि मागचं मिळून पूर्णच्या जवळपास आलं पाहिजे. मग गाडीच्या प्लेटवर जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं ते बघा. आणि सपाट जागी चारही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप घ्या. जमिनीपासून मोजू नका, हवा कमी-जास्त असली की ते माप फसवतं.

वाटाड्या (शनिवार, सकाळी ९:३०)

काका, वजन ठीक आहे पण दगडावर घासतं त्याचं काय? ग्राउंड क्लिअरन्स लागतोच ना.

भोसरीकर (शनिवार, सकाळी १०:१५)

लागतो, पण तुम्हाला हवा तो लिफ्टने मिळत नाही. थारला मागे सलग एक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, पुढे इंडिपेंडंट, प्रत्येक चाक वेगळं. स्प्रिंग ३ इंच उंच केली की बॉडी वर जाते, चेसिस वर जाते, पण मागचा डिफरन्शियलचा गोळा (एक्सलच्या मधला गिअरचा डबा) आहे तिथेच राहतो कारण तो चाकांबरोबर आहे, स्प्रिंगच्या खाली. दगड घासतो तो बहुतेक वेळा त्यालाच. एक्सल वर न्यायचा एकच रस्ता, मोठा टायर, आणि त्यातही व्यास जेवढा वाढेल त्याच्या अर्धंच मिळतं. लिफ्टने अप्रोच आणि ब्रेकओव्हर अँगल, म्हणजे नाक आणि पोट न घासता उंचवटा पार करायचा कोन, सुधारतो, कबूल, पण कंपनीतूनच ही गाडी २२६ मिमी क्लिअरन्स घेऊन आलीये.

आणि पुढच्या बाजूला ३ इंच म्हणजे फार होतं. ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्यावरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर आणि माती आत. अपर आर्मचा बॉल जॉइंट शेवटच्या टोकाला जाऊन बसतो. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो म्हणून स्टिअरिंग सरळ येत नाही, हायवेला सारखं सावरावं लागतं. काही लोक तर स्ट्रटच्या (स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीच्या) वर नुसता स्पेसर (जाड चकती) टाकून देतात. इंडिपेंडंटमध्ये स्ट्रट आर्मच्या मधे कुठेतरी टेकलेला असतो म्हणून २५ मिमीचा स्पेसर चाकापाशी जवळजवळ ५० मिमी होतो, गिऱ्हाईक खूश, पण चाक खाली लोंबतं तेव्हा ते मूळ हद्दीच्या बाहेर जातं आणि सगळा ताण जॉइंटवर. तुम्हाला लिफ्टच हवी असेल तर ४० मिमीच्या आत राहा, आणि तीही चांगल्या स्प्रिंगमधून आलेली असू दे.

जिम्नीवाली (शनिवार, दुपारी १:२०)

भोसरीकर काकांना +१. मी २०२३ च्या जिम्नीने मागच्या सप्टेंबरात काझा करून आले, आम्ही दोघी मैत्रिणी, सस्पेन्शन कंपनीचंच होतं. ग्राम्फू ते बातल खरंच हाडं खिळखिळी करणारं आहे, रस्ता कमी आणि नदीचं पात्र जास्त, पण मी ३२ ची हवा २२ वर आणली आणि वेग १५-२० ठेवला, तेवढ्याने इतका फरक पडला की मैत्रीण म्हणाली हे आधी का नाही केलंस. म्हणून माझ्या यादीत पहिला नंबर चांगला कंप्रेसर आणि प्रेशर गेज, किट त्यानंतर.

जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग एक्सल आणि दोन्हीकडे पॅनहार्ड रॉड, एक्सलला आडवं धरून ठेवणारा. आमच्या ग्रुपमध्ये एकाने ५० मिमी लिफ्ट केली पण रॉड तोच ठेवला तर एक्सल एका बाजूला सरकला, मागून बघितलं तर एक चाक बाहेर आलेलं स्पष्ट दिसायचं. शिवाय कॅस्टर गेल्यामुळे ८० च्या वर स्टिअरिंग थरथरायला लागलं. शेवटी अॅडजस्टेबल रॉड आणि कॅस्टर करेक्शनचे बुश (सांध्यातले रबरी गोल तुकडे) टाकल्यावर गाडी ताळ्यावर आली. टायरचं गणित पण सांगते, जिम्नीचा मूळ १९५/८० आर १५, त्याच्या जागी लोक २१५/७५ आर १५ टाकतात तर व्यास जेमतेम १० मिमी वाढतो, म्हणजे एक्सल ५ मिमी वर. दिसायला रुबाबदार दिसतो पण दगडाला तो ५ मिमी कळत नाही.

गुरखाप्रेमी (शनिवार, सायं ६:००)

मी वेगळं मत मांडतो. आपल्या आकुर्डीच्या फोर्सची गुरखा घेतली असती तर हा धागाच निघाला नसता. पुढे-मागे दोन्ही डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) कंपनीतून, स्नॉर्कल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी) कंपनीतून, ५ दरवाजाच्या गाडीला २३३ मिमी क्लिअरन्स, ७०० मिमी पाण्यात जायची क्षमता. मला मोठा तंबू आणि चार माणसं घेऊन पाबे घाट चढताना कधी किटची गरज भासली नाही. लोक गाडीत आधी लाखभराचं लोखंड भरतात आणि मग त्या लोखंडासाठी लाखभराच्या स्प्रिंगा घेतात, हे मला पटत नाही.

कमानपाटा (शनिवार, रात्री ८:४०)

माझ्याकडे इसुझू व्ही-क्रॉस, मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग). पिकअपवाल्यांना एक कळकळीचं सांगणं, धाग्याचा विषय थार असला तरी इथे पिकअपवाले पण वाचतात म्हणून लिहितो. गाडी मागून बसते म्हणून पाट्यावर एअरबॅग (हवेने फुगणारी रबरी उशी, अपघातातली नव्हे) टाकायची टूम निघालीये, मीही टाकली होती. पाट्याचं वजन चेसिसवर दोन जागी जातं, पुढच्या आणि मागच्या हँगरला. एअरबॅग बरोबर मधे बसते आणि फुगवली की सगळा भार त्या एका बिंदूवर. हौद्यात वजन, त्यात बरंचसं एक्सलच्या मागे, आणि रस्ता खराब, की चेसिस तिथेच वाकते. माझी पूर्ण वाकली नाही पण केबिन आणि हौद्यामधली फट वरच्या बाजूला वाढलेली दिसली त्या दिवशी एअरबॅग काढल्या आणि एक जादा पाटा टाकून घेतला. कॉइलच्या आत बसणाऱ्या बॅगचं गणित वेगळं, तिथे भार स्प्रिंगच्याच जागी जातो.

घाटवेडा (रविवार, दुपारी ३:३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी बायको-लेकीला घेऊन सगळं सामान भरून मार्केट यार्डजवळच्या काट्यावर गेलो, आज पहाटे मित्राच्या शेडमध्ये रॅक, तंबू, बंपर सगळं उतरवून, मूळ बंपर लावून, मी एकटा बसून परत गेलो. काट्यावरचा माणूस म्हणाला साहेब रिकाम्या गाडीची पावती पहिल्यांदाच कोणी मागतंय.

फरक ३८५ किलो. मला खरंच धक्का बसला, मी मनात दोनशे धरून चाललो होतो. मग घरी बसून एकेक गोष्ट वजनाच्या काट्यावर ठेवली. बायको-लेक मिळून ८६, तंबू ६०, रॅक ३५, बंपर मूळपेक्षा ४५ जास्त, पाणी ४०, भरलेला फ्रिज ३५, बॅटरी १४, हत्यारं आणि रिकव्हरीचं (अडकलेली गाडी ओढून काढायचं) सामान ४०, कपडे-शिधा ३०. बरोब्बर ३८५ भरतं. त्यातले २९० मागच्या एक्सलवर. चाकाच्या मध्यापासूनचं माप मागे ५१ मिमी कमी झालंय, पुढे फक्त १२. आणि प्लेटवरच्या आकड्याच्या वर ६० किलो गाडी गेलीये. इतके दिवस मी ही गाडी अशी लेकीला घेऊन चालवत होतो, हे काही मनातून जात नाहीये.

भोसरीकर (रविवार, सायं ५:१०)

शाबास, आता बोलायला काहीतरी हातात आलं. मनाला लावून घेऊ नका, तुम्ही मोजलं हे महत्त्वाचं.

बघा कसं बसतं ते. समजा मागची स्प्रिंग १ मिमी दाबायला ३० न्यूटन लागतात. २९० किलोचे दोन भाग, एका चाकावर १४५ किलो म्हणजे सुमारे १४२० न्यूटन, भागिले ३०, ४७ मिमी. तुमचं माप ५१. म्हणजे स्प्रिंगा मेलेल्या नाहीत, त्या आपलं काम इमानदारीत करतायत, वजनच जास्त आहे. बंप स्टॉप आपटतो तो यामुळे, कारण वर जायची जागा ५ सेंमीने आधीच खाल्ली गेलीये.

प्लेटच्या वरचं वजन कुठल्याही किटने कायदेशीर होत नाही आणि सुरक्षितही होत नाही हे लक्षात घ्या. कडक स्प्रिंग टाकली की गाडी सरळ उभी राहते, पण ब्रेक तेच, बेअरिंग तेच, टायरची लोड रेटिंग तीच, एक्सल तोच. म्हणून आधी उतरवा. तंबूपासून सुरू करा, कारण ६० किलो छतावर म्हणजे नुसतं ६० किलो नाही, वळणावर आणि बाजूच्या उतारावर गाडी कलंडवणारं ते सगळ्यात उंचावरचं वजन आहे. मग बंपर. तो मागच्या एक्सलच्याही मागे लटकतो, तरफेसारखा पुढचा भाग उचलतो, म्हणून ४५ किलोचा बंपर मागच्या एक्सलवर ५५ किलोसारखा पडतो.

आरटीओमित्र (रविवार, रात्री ९:२५)

कायद्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, मी वकिली करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल करायला मनाई करतं, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. पुढच्या क्रॅश गार्डविरुद्ध तर केंद्राचं पत्र डिसेंबर २०१७ पासून आहे. रस्त्यावर अडवतील तेव्हा अडवतील, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर सगळ्यात आधी हे बघतो. मूळ उंचीच्या आसपास राहणारी बदली स्प्रिंग-शॉकअप आणि ३ इंच लिफ्ट यात तिथे खूप फरक पडतो, आणि जे लावाल ते विमा कंपनीला लेखी कळवा.

वाटाड्या (रविवार, रात्री १०:५०)

काकांचं एक्सलचं म्हणणं वाचून खाली गेलो आणि टॉर्च घेऊन गाडीखाली झोपलो. खरंच सगळे ओरखडे मागच्या गोळ्यावर आणि शॉकअपच्या खालच्या ब्रॅकेटवर आहेत, चेसिसवर एकही नाही. २ इंच लिफ्ट असूनही. मी वर जे ३ इंच म्हणालो ते मागे घेतो. पण रिझर्व्हॉयरबद्दल मात्र अजून ठाम आहे, माझे साधे शॉकअप कच्छच्या रणात एका दिवसात गेले होते.

भोसरीकर (सोमवार, सकाळी ६:५०)

वाटाड्या, मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. शॉकअपबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे.

शॉकअपचं काम म्हणजे स्प्रिंगची उडी उष्णतेत बदलणं. साध्या ट्विन ट्यूब (दोन नळ्यांच्या) शॉकअपमध्ये तेल आणि हवा एकाच घरात राहतात, तासभर खडखडाट झाला की तेलाचा फेस होतो आणि फेसाला कसला आलाय जोर, गाडी बोटीसारखी डोलायला लागते. यावर तीन इलाज. एक, फोम सेल, बाहेरच्या नळीत हवेच्या जागी बंद छिद्रांचा फोम, फेस होतच नाही आणि तेलही जास्त मावतं. दोन, मोनोट्यूब, बिल्स्टाइनसारखे, तेल आणि दाबाखालचा गॅस यांच्या मधे सरकता पिस्टन, आणि एकच भिंत असल्यामुळे उष्णता पटकन बाहेर. त्याची एकच खोड, दगडाने नळीला पोचा पडला की पिस्टन आत अडकतो, ट्विन ट्यूबला बाहेरच्या नळीचा पोचा चालून जातो. तीन, रिझर्व्हॉयर, तेल जास्त, थंडावा जास्त, पण एक नळी आणि दोन जोड पण जास्त. वेगाने वाळवंट तुडवणाऱ्याला तो हवाच. घाटवेडा बातलच्या रस्त्याला २० च्या वेगाने जाणार, त्यांना फोम सेल किंवा चांगला मोनोट्यूब भरपूर झाला.

आता नवीन थार रॉक्सचं विचारतात लोक, त्यात फ्रिक्वेन्सीवर चालणारे शॉकअप आहेत, इलेक्ट्रॉनिक काही नाही, आतला एक व्हॉल्व्ह छोटे भराभर येणारे गचके आले की तेलाला जादा वाट देतो आणि बॉडी हळू डोलली की ती वाट बंद करतो. मला हे तंत्र फार आवडलं. पण जुन्या थारला ते आणून बसवायच्या भानगडीत पडू नका.

जिम्नीवाली (सोमवार, दुपारी २:००)

घाटवेडा, एक राहिलं. तुमच्या ४० किलो रिकव्हरी सामानात काय आहे? आणि गाडीला ओढायला हूक कुठला? खाली जी छोटी कडी असते ती बऱ्याच गाड्यांत गाडी ट्रकवर बांधायला दिलेली असते. कायनेटिक रोप रबरासारखा ताणला जातो आणि ती कडी तुटली तर गोळीसारखी सुटते. चेसिसला बोल्ट केलेला रेटेड पॉइंट, सॉफ्ट शॅकल (दोरीची जोडकडी), आणि ओढताना लेक दोरीच्या दुप्पट लांबीवर उभी, एवढं करा. लोखंडी शॅकलची पिशवी घरी ठेवली तरी चालेल.

घाटवेडा (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:४०)

उशिरा लिहितोय पण सगळं करून लिहितोय. तंबू विकला, १२ किलोचा जमिनीवरचा घेतला. रॅक आणि बंपर काढले. पाणी ४० वरून २० लिटर, वाटेत भरतोच की. १४८ किलो उतरले. परत काट्यावर गेलो, मूळ रिकाम्या गाडीपेक्षा आता २३७ जास्त, मागच्या एक्सलवर त्यातले १७०, मागचं माप ३० मिमी खाली, आणि प्लेटच्या आकड्याच्या आत आलो. ती पावती लेकीने फ्रिजवर चिकटवलीये.

मग मागे मध्यम वजनाच्या स्प्रिंगा, पुढे मूळ स्प्रिंगा तशाच, चारही शॉकअप फोम सेलवाले. खर्च कोटेशनच्या निम्म्याहून कमी झाला. बसवून घेतलं भोसरीकर काकांकडेच, आणि तिथे एक गोष्ट डोळ्यांनी बघितली ती सगळ्यांसाठी लिहितो. आर्मचे आणि लिंकचे बोल्ट काकांनी गाडी लिफ्टवर असताना नुसते हाताने लावले, गाडी चाकांवर खाली उतरवली, मागे सामानाच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवल्या आणि मग टॉर्क रेंचने आवळले. चाकं लोंबती असताना आवळले तर बुशचं रबर त्याच अवस्थेत धरलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. याआधी माझ्या गाडीचे बुश ३० हजारात का गेले होते ते तेव्हा कळलं.

काल पूर्ण भरून ताम्हिणी उतरलो, निजामपूरवरून वळून परत आलो. मागचा बंप स्टॉप एकदाही आपटला नाही, ब्रेक मारल्यावर नाक खाली जायचं ते निम्म्यावर आलंय, आणि समोरच्यांनी लाइट मारले नाहीत. रिकामी चालवताना मागून किंचित कडक लागते, ते मला चालेल. लेक डोंगरवाडीपासून पौडपर्यंत झोपली होती. अलाइनमेंट केलं, हेडलाइट भिंतीवर मारून परत सेट केले.

काका, अजून काही राहिलंय का? शुक्रवारी पहाटे ४ ला निघतोय.

भोसरीकर (सोमवार, सकाळी ६:३०)

गुरुवारी संध्याकाळी येऊन जा, ५०० किमी झाले असतील तर सगळे बोल्ट एकदा परत बघतो, दहा मिनिटांचं काम. हवा वर गेल्यावर गेजवर जास्त दाखवेल, बाहेरचा दाब कमी असतो म्हणून, पण थंडीने त्यातली बरीचशी उतरते, त्यामुळे मनालीत एकदा आणि काझ्यात एकदा सकाळी टायर गार असताना मोजा, मधे घाबरून सोडू नका.

मागच्या दोन्ही शॉकअपच्या खालच्या बोल्टवर मी पांढऱ्या पेंटची रेघ मारलीये, अर्धी नटवर आणि अर्धी ब्रॅकेटवर. रोज सकाळी निघायच्या आधी खाली वाकून बघा. रेघ सरळ असेल तर निघा, तुटलेली दिसली तर १९ चा पाना काढा. तो पाना लेकीच्या सीटखाली ठेवलाय, तिला दाखवून ठेवलाय.